तांदूळ वाढले

फार जुनी गोष्ट आहे. वाचता येणारा माणूस गावात आला की त्याला बघायला लोक जमायचे, इतकी जुनी. तेव्हा एका रुंद नदीच्या अलीकडच्या काठावर एक गाव होतं, आणि पलीकडच्या काठावर एकच घर होतं.

गाव खाऊनपिऊन सुखी होतं. जमीन काळी आणि कसदार. घरोघरी धान्याच्या कणग्या, आणि एक कणगी अर्धी व्हायच्या आत दुसरी भरलेली असायची. त्या गावातल्या पोरांनी डब्याचा तळ खरवडल्याचा आवाजच कधी ऐकला नव्हता. त्यात पोरांचा काही दोष नाही. भरल्या घरात जन्माला यायचं की रित्या, हे कुणी कुणाला आधी विचारत नाही.

पलीकडच्या घरात एक म्हातारी राहायची. तिचा नवरा नावाडी होता. नदीकडच्या भिंतीला त्याने स्वतःच्या हाताने चुना काढला होता आणि रोज सकाळी त्या पांढऱ्या भिंतीवर तो कोळशाने हातभर उंच अक्षरांत लिहायचा. 'आज नाव येईल', नाहीतर 'आज नाव येणार नाही'. नदीच्या आवाजात एकट्या माणसाची हाक पोचत नसे, म्हणून ही युक्ती. गावात कुणाला अक्षर येत नव्हतं, पण आखूड ओळ दिसली की नाव येणार आणि लांब दिसली की नाही, एवढं लोक बरोबर ओळखायचे.

नावाड्याने आपल्या बायकोलाही अक्षरं शिकवली होती. संध्याकाळी चुलीपुढे बसून, राखेत बोटाने गिरवून. दोघंच होती, तिसरं कुणी नव्हतं, आणि वेळ भरपूर होता.

मग नावाडी वारला. नाव काठावर पडून कुजली. वरच्या अंगाला उन्हाळ्यात चालत ओलांडता येईल असा उतार सापडला होता, लोक तिकडून ये-जा करू लागले. म्हातारीच्या काठाला यायचं कुणाला कारणच उरलं नाही.

गावाने तिला विचारलं नाही असं नाही. पाटील एकदा स्वतः गेले होते. "आता इकडेच या राहायला," असं म्हणाले. म्हातारी म्हणाली, "नको हो, कशाला तुम्हाला त्रास?" आपल्याकडे पहिल्या वेळेला नको कशासाठी म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणाला म्हणून आपण त्याचं ताट उचलून ठेवतो का? पण पाटील घाईत होते. ते बरं म्हणाले आणि परत आले. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही, आणि पहिला शब्द फिरवून तोंडाने मागणं काही त्या बाईला जमलं नाही.

एक मात्र गावाने केलं. तिच्यासाठी शिधा बांधून दिला. तांदूळ, पीठ, गूळ, मीठ, तेल. उन्हाळ्यात उतारावरून आणि पावसाळ्यात भोपळे बांधून केलेल्या सांगडीवरून कुणीतरी तो पलीकडे पोचता करायचा. पोचता करायचा आणि लगेच निघायचा. अंधार पडायच्या आत परतायचं असायचं ना.

आता नाव नव्हती, म्हणून भिंतीवर लिहिण्यासारखंही काही नव्हतं. पण म्हातारीला भिंत कोरी बघवेना. ती रोज सकाळी ओल्या फडक्याने कालची ओळ पुसायची आणि नवी लिहायची. 'पाणी वाढले.' 'पाणी उतरले.' 'आज मोर आला होता.' 'आज कुणी आले नाही.' कोण वाचणार होतं? कुणीच नाही. पण दिवसभरात एकदा तरी कुणाशी बोलल्यासारखं वाटायचं तिला. बोलायला माणूस नसला की माणूस भिंतीशी बोलतो, तसंच ते. फरक इतकाच की ही बया लिहून बोलायची.

आणि मग गावात शाळा निघाली.

शाळेला गुरुजी आले. गोरेपान, शुद्ध बोलणारे, धोतराची निरी कधी न चुकणारे. शाळा नदीकाठच्या धर्मशाळेच्या ओसरीवर भरायची. पुस्तक एकच होतं, आणि त्याचीही पानं सुटलेली. ते पोरांचं महिन्याभरात पाठ झालं. पाठ झालेलं पुस्तक समोर धरून पोरं डोळे मिटून वाचू लागली, तेव्हा गुरुजींनी हात टेकले. त्या सुमाराला त्यांचं लक्ष पलीकडच्या भिंतीकडे गेलं.

"वा!" गुरुजी म्हणाले. "रोज नवा धडा, आणि तोही फुकट!"

तेव्हापासून रोज सकाळी पोरं ओसरीवर नदीकडे तोंड करून ओळीत उभी राहायची. गुरुजी पोरांकडे तोंड करून, म्हणजे नदीकडे पाठ करून उभे राहायचे. एकाने भिंतीवरची ओळ मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, आणि चूक झाली नाही तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. गुरुजींचा कान फार तिखट होता. ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नसे.

सगळ्यांत चांगलं वाचायची ती शेवंती नावाची मुलगी. गहू परातीत ओतावेत तसं खडाखड वाचायची. अडखळणं तिला माहीतच नव्हतं, आणि आपल्याला ते माहीत नाही हे मात्र तिला चांगलं माहीत होतं. वेणी पाठीवर टाकून ती पुढे यायची आणि म्हणायची, "आज! कुणी! आले! नाही!"

"उत्तम," गुरुजी म्हणायचे. "पुढे?"

पुढे काही नसायचं. टाळ्या व्हायच्या आणि पाढे सुरू व्हायचे.

पलीकडे म्हातारीला पहिल्यांदा त्या टाळ्या ऐकू आल्या तेव्हा ती दचकली. कपाळावर हात धरून तिने पाहिलं तर पलीकडे पोरांची रांग, आणि सगळ्यांची तोंडं तिच्या भिंतीकडे. तिच्या ध्यानात आलं, की आपली ओळ कुणीतरी वाचतंय. तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने एकटीसाठी गोडाचा शिरा केला. दुसऱ्या दिवसापासून ती अक्षरं अधिक रेखीव काढू लागली. वाचणारी लेकरं होती, त्यांना त्रास नको.

त्या वर्षी पावसाळा लांबला. नदी फुगली ती उतरायचं नाव घेईना. भिंतीवर रोज एकच ओळ असायची, 'पाणी वाढले'.

"वाढले म्हणजे काय?" गुरुजींनी एकदा विचारलं. आता गुरुजी अर्थ विचारत नसत असं नाही, महिन्याकाठी एखाद्या वेळी विचारायचे.

"जास्त झालं," पोरं एका सुरात म्हणाली.

"शाबास. एका शब्दाचा एक अर्थ. तो एकदा पाठ केला की जन्मभर पुरतो," गुरुजी म्हणाले, आणि पोरांनी तो जन्मभरासाठी पाठ करून टाकला.

शिधा न्यायची वेळ आली तरी सांगड घालण्याजोगं पाणी नव्हतं. लोक म्हणाले, थोडं थांबू. पलीकडे म्हातारीने मूठमूठ तांदूळ कमी करत आणला. मग एका सकाळी तिचा हात मडक्याच्या तळाला लागला.

ती उठली, भिंत पुसली आणि लिहिलं, 'तांदूळ वाढले'.

अलीकडे शेवंती पुढे झाली. "तांदूळ! वाढले!"

"तां," गुरुजींनी टोकलं. "अनुस्वार नाकातून आला पाहिजे. तांदूळ."

"तांऽदूळ वाढले," शेवंतीने म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. टाळ्या झाल्या.

"गुरुजी, म्हणजे तिच्याकडे तांदूळ जास्त झाले?" एका पोराने विचारलं.

"पाणी वाढले म्हणजे काय झालं होतं?"

"जास्त."

"मग झालं तर."

शाळा सुटल्यावर पोरं पारावरून ओरडत गेली, "पलीकडच्या आजीकडे तांदूळ खूप झालेत! तिनेच लिहिलंय!" पारावर बसलेल्या माणसांनी तोंडात बोटं घातली. एक म्हणाला, "कमाल आहे बाईची! आपण इकडे जीव धोक्यात घालून शिधा न्यायचा, आणि तिच्याकडे ढीग पडलाय." दुसरा म्हणाला, "नावाड्याने पुरून ठेवलं असेल काहीतरी, आता बाहेर काढलं असेल." पाटील म्हणाले, "मग सांगड कशाला घालायची उगाच? पाणी उतरू दे सावकाश. घाई काय आहे?"

आणि शिधा कोठारात परत गेला.

तिकडे म्हातारीने टाळ्या ऐकल्या. तिचा जीव भांड्यात पडला. वाचलं, कळलं, आता येतील. तिने अंगण झाडून घेतलं. दाराशी पाट मांडला, तांब्या भरून ठेवला. पाणी चढलंय, तेव्हा सांगड घालायला पोरांना दुपार होईल, असा हिशोब करून ती उंबऱ्यात बसली. दुपार झाली. संध्याकाळ झाली. गावात दिवे लागले, एकेका घरातून धूर निघाला. ते सगळं तिला तिथून दिसत होतं. तिने पाट उचलून आत ठेवला.

पुढच्या दिवशी तिने लिहिलं, 'मीठ वाढले'. टाळ्या झाल्या. त्याच्या पुढच्या दिवशी 'तेल वाढले'. पुन्हा टाळ्या. पोरांना तर आता मजाच वाटू लागली होती. त्यांनी पलीकडे बघून हात हलवले. म्हातारीनेही उंबऱ्यातून हात हलवला, कारण लेकरांनी हात केल्यावर आपण न करणं बरं दिसत नाही.

गावात तिची थट्टा सुरू झाली. कुणाकडे काही मागायला गेलं की लोक म्हणायचे, "जा पलीकडे. तिथे सगळ्याचेच ढीग पडलेत."

तिने स्पष्ट का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. तिने तसा प्रयत्न केला होता. एका सकाळी ती भिंतीपाशी गेली, 'सं' लिहिलं, आणि हात थांबला. तिच्या आईने, तिच्या सासूने घरातलं कधी 'संपलं' म्हटलं नव्हतं. ज्या भिंतीवर नवऱ्याने जन्मभर माणसांना वाट दाखवली, तिच्यावर हा अभद्र शब्द आपल्या हाताने लिहायचा? तिने 'सं' पुसून टाकलं. आणि शिवाय, लिहायचं कशासाठी? त्यांनी तर वाचलं होतं. रोज वाचत होते. मोठ्याने वाचत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणी येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ तिला लागत होता.

ही गोष्ट तिला उपासापेक्षा जड गेली. नावाडी गेल्यापासून ती एकटी होतीच. पण आपण एकटे आहोत हे कुणाला माहीत नाही म्हणून एकटं असणं वेगळं, आणि सगळ्यांना माहीत असून एकटं असणं वेगळं. दुसऱ्यात माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागते. तिला वाटू लागली. तरीही ती रोज भिंतीपाशी जात होती, कारण लेकरं रांगेत उभी राहायची आणि त्यांना धडा लागायचा.

मग एके दिवशी कालचीच ओळ भिंतीवर तशीच होती. 'पीठ वाढले.'

"कालचाच धडा," शेवंतीने मान न वळवता सांगितलं.

"मग आज वाचनाला सुट्टी," गुरुजी म्हणाले. पोरं आरडाओरडा करत सूरपारंब्या खेळायला पळाली.

शेवंती गेली नाही. तिला राग आला होता. आज पुढे येऊन वाचायची पाळी तिची होती, आणि म्हातारीने नवी ओळच लिहिली नव्हती. वाचायला काही नाही म्हणून ती नुसती भिंतीकडे बघत बसली. आणि खरं सांगायचं तर त्या भिंतीकडे ती त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होती. आजवर तिने अक्षरं पाहिली होती, ज्यावर ती लिहिलेली असत ती भिंत आणि ज्याने लिहिली तो हात यांच्याकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

अक्षरं काळी नव्हती. मातकट होती. आधी तर काळी असायची, कुळकुळीत. आता ओल्या मातीने सारवल्यासारखी का दिसतायत?

कोळसा नाही का तिच्याकडे?

आज सकाळीच शेवंतीने पाटी काळी करायला आईकडे कोळसा मागितला होता. आई म्हणाली होती, "थांब की जरा, चूल तर पेटू दे. चुलीशिवाय कोळसा काय झाडाला लागतो?"

शेवंती उठून काठाजवळ गेली. ओळ किती खाली लिहिलीय! पूर्वी छपराला लागून असायची. आता जमिनीपासून हातभर वर. बसून लिहिल्यासारखी. आणि घरावर धूर नव्हता. काल होता का? तिला आठवेना. तिने कधी पाहिलंच नव्हतं.

ती धावत गुरुजींकडे गेली.

"गुरुजी, तांदूळ वाढले, पीठ वाढलं, तर मग चूल का पेटत नाही?"

गुरुजी पाटी तपासत होते. "भिंतीवर चुलीचं काही लिहिलंय का?"

"नाही."

"मग? जे लिहिलेलं नाही ते वाचायचं नसतं, शेवंती. असं केलं तर कुणीही काहीही वाचील."

गुरुजींना उलट बोलायची पद्धत नव्हती. पण शेवंतीचं मन काही गप्प बसेना. ती घरी गेली. आई जात्यावर बसली होती.

"आई, घरात पीठ खूप असलं तर कुणी चूल बंद ठेवतं का?"

"कोण ठेवतंय?"

"पलीकडची आजी. तिच्याकडे सगळं खूप झालंय, तरी चूल नाही पेटत. ती खाली बसून लिहिते आणि मातीने लिहिते."

आई हसली. "खूप झालंय असं लिहिलंय तिने?"

"हो. म्हणजे, वाढले असं लिहिलंय."

जातं थांबलं.

"नीट सांग. तिचा शब्द सांग, तुझा नको."

"तांदूळ वाढले. मीठ वाढले. तेल वाढले. पीठ वाढले," शेवंतीने न अडखळता सांगितलं.

आई पिठाच्या हातांनी तशीच उठली. शेवंतीची आई त्या गावची नव्हती. डोंगरावरच्या एका गरीब घरातून ती इथे नांदायला आली होती.

"अगं, माझ्या आईच्या घरी दर महिन्याला तांदूळ वाढायचे!" ती म्हणाली. "हात तळाला लागला की बाई संपले म्हणत नाही गं, वाढले म्हणते. चांगल्या घरात संपलं हा शब्द उच्चारत नाहीत. ती उपाशी आहे, शेवंती. किती दिवस झाले हे लिहितेय ती?"

शेवंतीने टाळ्यांच्या हिशोबाने दिवस मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून रडू लागली.

आई पारावर गेली. बायकांनी पारावर जाऊन बोलायची रीत नव्हती, पण ती बोलली. पाटलांनी आधी हसून ऐकलं, मग त्यांचं हसू गेलं. त्यांच्याही आईच्या तोंडी तो शब्द होता. पारावरच्या जुन्या माणसांपैकी तो कुणाला ठाऊक नव्हता? फक्त पोरांनी त्यांना तो शब्द सांगितला नव्हता, त्याचा अर्थ करून सांगितला होता. आणि ज्यांना शब्द वाचता येत होता, त्यांच्यावर तो वापरायची वेळच कधी आली नव्हती.

"सांगड काढा," पाटील म्हणाले.

"पाणी जोरात आहे," कुणीतरी म्हणालं.

"ते तिलाही दिसतंय, तरी ती वाट बघतेच आहे," पाटील म्हणाले.

चार पट्टीचे पोहणारे सांगडीला लागले. शेवंतीची आई पेजेचं मडकं मांडीत धरून बसली. निघता निघता गुरुजी धावत आले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांना पोहता येत नव्हतं, आयुष्यात ते कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरले नव्हते. ते सांगडीवर चढले आणि शिध्याचं गाठोडं त्यांनी डोक्यावर धरलं. मधल्या धारेत सांगड गरागरा फिरली. गुरुजींचं उपरणं वाहून गेलं. गाठोडं त्यांनी सोडलं नाही.

म्हातारी भिंतीच्या पायाशी बसलेली सापडली. हातात मातीचा ओला गोळा होता. लिहायला म्हणून आली असावी, आणि मग उठवलं नसावं. डोळे उघडे होते. शेवंतीच्या आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेज थोडी थोडी तोंडात घातली. बऱ्याच वेळाने तिच्यात धुगधुगी आली. तिने समोर बघितलं. ओलेचिंब, थरथरणारे गुरुजी हात जोडून उभे होते.

"हे कोण?" तिने विचारलं.

"मी पोरांना शिकवतो," गुरुजी म्हणाले.

"तुम्हीच होय?" म्हातारीचा चेहरा उजळला. "छान शिकवता हो. रोज ऐकायची मी. एकदम खणखणीत."

गुरुजींनी मान खाली घातली ती वर केली नाही.

"यायला उशीर झाला तुम्हाला," म्हातारी हळूच म्हणाली. तक्रार नव्हती तिची. "असू दे. ज्याची त्याची कामं असतात."

"नाही हो, आजी!" शेवंतीच्या आईला हुंदका आवरेना. "आम्हाला कळलंच नव्हतं. पोरांनी वाचलं, पण त्यांना वाटलं तुमच्याकडे भरभराट झाली. गावाला तेच वाटलं."

म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"कळलंच नव्हतं?"

"नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

तेव्हा म्हातारी रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मग ठीक आहे गं बाई," ती म्हणाली. "मग काही नाही. मला वाटलं, कळूनही कुणी येत नाही. भूक सोसत होते मी, ते नव्हतं सोसवत."

पाटलांचा निरोप होता तिला गावात घेऊन यायचा. या वेळी ती नको म्हणाली तेव्हा शेवंतीच्या आईने ऐकलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. पण तिसरा नकारही खराच निघाला. "घर हेच आहे माझं," म्हातारी म्हणाली. "फक्त कुणीतरी येत जा माझ्याकडे." नेमकं काय हवंय ते त्या दिवशी तिने पहिल्यांदा तोंडाने मागितलं, आणि तेवढं मागायलाही तिला मरणाच्या दारापर्यंत जावं लागलं.

शाळेत दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते पोरांच्या रांगेत उभे राहिले, नदीकडे तोंड करून. पोरं चुळबुळ करू लागली, कारण गुरुजींच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"शब्दाचे अर्थ मी तुम्हाला चुकीचे शिकवले," गुरुजी म्हणाले. "आजपासून आपण अशी घाई करायची नाही. काय लिहिलंय ते आधी वाचायचं. मग आजूबाजूला काय दिसतंय ते बघायचं. मग आपल्याला घरचं-दारचं जे ठाऊक आहे ते त्याच्या शेजारी ठेवायचं. आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नसतील, तर थांबायचं आणि कुणालातरी विचारायचं. मला विचारा. मी 'लिहिलेलं नाही ते वाचू नका' म्हणालो, तर पुन्हा विचारा."

हे सांगायला सोपं होतं, पोरांच्या अंगवळणी पडायला फार वेळ लागला. सुरुवातीला तर पोरं प्रत्येक ओळीत संकट शोधू लागली. 'आज ऊन पडले' अशी ओळ दिसली की एखादा रडवेला होऊन विचारायचा, "म्हणजे आजी पडली?" गुरुजी न चिडता म्हणायचे, "तसं कशावरून? दाखव मला." मग पोरगा बघायचा, धूर आहे, अक्षरं काळी आहेत, ओळ छपराला लागून आहे. "नाही," तो म्हणायचा. "ऊनच पडलंय." हळूहळू त्यांना दाखवता येऊ लागलं, कशावरून काय.

शेवंती आता पूर्वीसारखी खडाखड वाचत नसे. मध्येच थांबायची. नव्या पोरांना वाटायचं, हिला वाचता येत नाही.

पाणी उतरलं. हिवाळा आला. एका सकाळी भिंतीवर ओळ होती, 'बोरे पिकली आहेत'.

"काय लिहिलंय?" गुरुजींनी विचारलं.

"बोरं पिकलीत," सगळे म्हणाले.

"आणि?"

पोरं बघू लागली. घरामागची बोर लांबूनही लालसर दिसत होती. एक म्हणाला, "बोरीला काटे असतात." दुसरी म्हणाली, "आजीचा हात नाही पोचायचा वरपर्यंत." रांगेतलं सगळ्यांत लहान पोर, ज्याला अजून जोडाक्षरं येत नव्हती, ते खूप वेळ विचार करून म्हणालं, "एकट्या आजीला एवढी बोरं कशाला लागतात?"

"मग?" गुरुजी म्हणाले.

"मग ती आपल्यालाच सांगतेय," ते पोर म्हणालं. "या म्हणून."

गुरुजींनी पाट्या आत ठेवायला सांगितल्या.

पलीकडे म्हातारी उंबऱ्यात उभी होती. तिला पोरांची रांग मोडलेली दिसली. ओसरी रिकामी झाली. आज वाचलंच नाही वाटतं, असं म्हणून ती आत वळली. सवयीचं होतं तिला. तेवढ्यात पाण्यावर कलकलाट ऐकू आला. तिने मागे बघितलं तर सांगड काठ सोडून निघाली होती. सांगडीवर दाटीवाटीने पोरं, आणि मध्ये धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बसलेले गुरुजी. इतकी माणसं एकाच वेळी आपल्या काठाकडे येताना नावाडी गेल्यापासून तिने पाहिली नव्हती. तिने ती मोजायला घेतली, पण डोळे भरून आल्यामुळे कोण कुठलं ते तिला काही दिसेना, आणि ती भिंतीला टेकून खुशाल रडत उभी राहिली.

तात्पर्य काय म्हणाल, तर अक्षरं वाचणं हे वाचनाचं पहिलं पाऊल. लिहिणाऱ्याने जे लिहिलेलं नाही ते शोधायला जो थांबतो, तोच त्याच्यापर्यंत पोचतो.